गाणी डी ड्राइव्हला होती

ऑक्टोबर 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात पनवेलकरांच्या माना वर होत्या. ज्याच्या भरवशावर इथल्या बिल्डरांनी वर्षानुवर्षं फ्लॅट विकले, त्या विमानतळाचं 8 तारखेला खरोखरच उद्घाटन झालं आणि डोक्यावरून पहिलं विमान कधी जाणार, यापुढे गावात दुसरा विषय उरला नाही. त्या गडबडीत 14 तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरचा हात काढून घेतला, हे बहुतेकांच्या ध्यानातच आलं नाही. खरं तर घरात शिरण्याच्या बाबतीत दुसरी घटना पहिलीच्या पुढची. विमानात बसायला तिकीट काढावं लागतं. विंडोज 10 मात्र नवीन पनवेलपासून खांदा कॉलनी, कामोठ्यापर्यंत सिडकोच्या कितीतरी घरांत, हॉलच्या कोपऱ्यात, अंगावर शिवलेलं कव्हर घेऊन आधीच बसलेलं होतं. मुलांच्या बारावीसाठी म्हणून घेतलेला डेस्कटॉप मुलं नोकरीला लागली की वडिलांकडे येतो आणि वीजबिल भरणे, सोसायटीच्या नोटिसा टाइप करणे व गाणी ऐकणे अशा तीन कामांवर रुजू होतो. विंडोज 11 ने या मंडळींना दारातूनच परत पाठवलं. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सात पिढ्या बसून खातील अशी इस्टेट असावी, असं आपल्याकडे म्हणतात. इंटेलच्या सात पिढ्या नुसत्याच बसल्या.

यावर उपाय तीन. नवा कॉम्प्युटर घ्यावा, वर्षभराची जादा मुदत पदरात पाडून घ्यावी, नाहीतर इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याच्या हाती मशीन सोपवावं. तिसऱ्याला खर्च नाही, त्यामुळे तो आधी सुचतो. भाचा शनिवारी येतो, पेनड्राइव्ह लावतो, लिनक्स मिंट टाकतो आणि ‘मामा, आता व्हायरसची काळजीच मिटली’ असं सांगून, मामीच्या हातचे बटाटेवडे खाऊन जातो. दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. ब्राउझर ओळखीचा असतो, वीजबिल भरलं जातं, जिन्यात चपला ठेवणाऱ्यांना उद्देशून काढलेली नोटीस लिबरऑफिसमध्येही तितकीच कडक उतरते. अडतं ते गाण्यांपाशी. मग पर्यायी म्युझिक प्लेअरचा शोध सुरू होतो आणि तो काही केल्या संपत नाही. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण एमपी3 वाजवणं ही कॉम्प्युटरच्या लेखी अगदीच किरकोळ गोष्ट. लिनक्सवर त्यासाठी डझनावारी प्रोग्रॅम आहेत, जवळपास सगळे फुकट, आणि सगळे तेच गाणं त्याच सुरात वाजवतात. मग घोडं अडतं कुठे? माझं म्हणणं असं, की हा शोध वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा नसतोच. आपल्या पसाऱ्याला हात न लावणारा प्रोग्रॅम हवा असतो. नवे प्लेअर घरात पाऊल टाकताच आवराआवर काढतात, आणि मराठी गाण्यांचा पसारा असा आहे, की तो आवरला की हरवतो.

विंडोजवर हा प्रश्न कधी उद्भवला नाही, याचं श्रेय विनॅम्प या म्युझिक प्लेअरला. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह या दोघांनी 1997 साली तो बाजारात आणला. त्याची मुख्य खिडकी 275 बाय 116 ठिपक्यांची. आजच्या स्क्रीनवर ती चष्मा लावून शोधावी लागेल. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही, बी ही पाच बटणं म्हणजे अनुक्रमे मागचं, वाजव, थांब जरा, बंद आणि पुढचं. ‘जे’ दाबलं की गाणं शोधता येई. एवढं पाठ झालं की पुढे शिकण्यासारखं काही उरत नसे, आणि त्याचा मोठेपणा नेमका यातच होता. फोल्डर उचलून त्याच्यावर टाकलं की तो मुकाट्याने वाजवायला लागे. कोण गातंय, कुठल्या सालचं, कुठल्या प्रकारात मोडतं, असल्या भोचक चौकशा नाहीत. 1999 मध्ये त्याची कंपनी एओएलने विकत घेतली, 2013 मध्ये आता हे बंद करतो म्हणून जाहीर केलं, 2014 उजाडताच तो दुसऱ्याच कंपनीच्या पदरात गेला. 2024 मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि सोबतच्या अटींवरून इतका गदारोळ उडाला, की काही आठवड्यांत तो परत काढून घेतला गेला. यातलं काहीही पनवेलच्या हॉलपर्यंत पोचलं नाही. एकदा सीडीवरून बसलेला विनॅम्प मालक बदलल्याचं मनावर न घेता वाजत राहिला.

आता पसारा म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. डी ड्राइव्हमध्ये रोमन अक्षरांत लिहिलेलं ‘गाणी’ नावाचं फोल्डर असतं. ते डीमध्येच का, तर मशीन फॉरमॅट केलं की सी ड्राइव्ह उडतो आणि डी वाचतो, हे ज्ञान प्रत्येक घराने एकदा तरी किंमत मोजून मिळवलेलं आहे. ‘गाणी’च्या पोटात ‘जुनी’, ‘नवीन’ आणि ‘जुनी नवीन’ अशी तीन फोल्डरं. ‘नवीन’मधलं सर्वांत नवं गाणं अशा चित्रपटातलं, ज्याची नायिका आता मालिकेत सासू आहे. पुढे ‘आई’, ‘सकाळ’, ‘गणपती’, ‘गाडी’, ‘गाडी कोकण’, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर टू’ आणि ‘कॉपी ऑफ आई’. यातल्या ‘आई’मध्ये मातृभक्तीची गाणी नाहीत. ती आईला आवडणारी आहेत, त्यामुळे तिथे माणिक वर्मांच्या शेजारी किशोर कुमार आणि दोघांच्या मध्ये श्रीसूक्त आहे. ‘सकाळ’मध्ये भूपाळ्या, रामरक्षा आणि कधीकाळी रेडिओवरून टेप करून मग कॉम्प्युटरवर घेतलेला एक कार्यक्रम, ज्याच्या शेवटी कांद्याचा बाजारभाव अर्धवट ऐकू येतो. ‘गाडी’ हे पुण्याच्या वाटेचं. कळंबोलीला एक्सप्रेस वेवर चढल्यापासून बोरघाट संपेपर्यंत चालवणाऱ्याला डुलकी लागू नये एवढाच त्यातल्या निवडीचा निकष. ‘गाडी कोकण’ पळस्पे फाट्यापासून पुढचं. ते आकाराने पहिल्याच्या कितीतरी मोठं असतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला, तेव्हापासून किती गाणी पुरतील याचा अंदाज बांधण्याचं धाडस कोणी करत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हा गबाळेपणा वाटेल. पण ही मांडणी कसोशीने उपयोगावर बेतलेली आहे: हे कोणासाठी, कधी आणि कुठे ऐकायचं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये आपले पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला एक. त्या नियमाने ‘गाडी कोकण’ हे निर्दोष वर्गीकरण ठरतं. गणपतीच्या आदल्या रात्री पेणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला कलाकारांची अकारविल्हे यादी काढून दिली तर त्याचा किती वेळ वाचेल, हे रंगनाथनांना विचारायची गरज नाही.

लिनक्स आलं की या व्यवस्थेवर पहिला घाव बसतो तो अक्षरांचा. तिथे सी नाही आणि डीही नाही. सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर, आणि जुना डी ड्राइव्ह ‘मीडिया’ नावाच्या फांदीच्या टोकाला कुठे तरी लटकलेला. त्याला आधी नाव दिलेलं नसेल तर तिथे सोळा आकडे-अक्षरांची एक अगम्य माळ दिसते. ‘गाणी कुठे आहेत?’ या प्रश्नाला ‘डी ड्राइव्हला’ हे जे दोन शब्दांचं उत्तर अख्ख्या घराला येत होतं, ते रद्द झालं. त्याहून वाईट गत प्लेलिस्टची. विनॅम्पची एमथ्रीयू प्लेलिस्ट ही साधी मजकुराची फाइल. एकेका ओळीत एकेका गाण्याचा पत्ता, पुष्कळदा अगदी ‘डी’पासून पुढे, उलट्या तिरक्या रेघांनी जोडलेला. लिनक्सला डी माहीत नाही, रेघा सुलट्या लागतात, आणि ‘गाणी’चा पहिला जी मोठ्या लिपीतला की छोट्या, याने त्याला फरक पडतो. चारशे गाण्यांची लग्नाची प्लेलिस्ट उघडावी तर चारशे ओळींत एकही गाणं नाही. पनवेलकराला बदल नवा नाही. हार्बरच्या लोकलमधून उतरून कोकणच्या गाडीत बसायचं, हे या स्टेशनचं रोजचं काम, आणि गाडी बदलताना माणूस आधी सामानाचे नग मोजतो. नवी गाडी रंगाने कशी आहे हे नंतर, जागा मिळाल्यावर. म्युझिक प्लेअरची जाहिरात मात्र सगळी रंगाची असते, आणि नग तर मधल्या पुलावरच सुटलेले असतात.

लिनक्स मिंटबरोबर येणारा प्लेअर म्हणजे ऱ्हिदमबॉक्स. ॲपलने जानेवारी 2001 मध्ये आयट्यून्स काढलं, त्यावरून स्फूर्ती घेऊन हा त्याच वर्षी सुरू झाला. दोघांचाही मूळ आग्रह एकच: फोल्डर विसरा, तुमची ‘लायब्ररी’ आम्ही लावून देतो, कलाकार आणि अल्बम यांच्यानुसार. त्यासाठी तो प्रत्येक फाइलच्या पोटात दडलेली चिठ्ठी वाचतो. या चिठ्ठीचं नाव आयडी3, जन्म 1996. पहिल्या अवतारात ती अवघ्या 128 बाइटांची होती: गाण्याला तीस अक्षरं, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस, आणि संगीताच्या प्रकाराला एक बाइट. तीस अक्षरं ही मराठी माणसाच्या नावाची चेष्टा आहे. लता मंगेशकर आणि हृदयनाथ मंगेशकर अशी दोन नावं स्वल्पविराम देऊन रोमन लिपीत लिहायला घ्या. तीस अक्षरांचा कोटा दुसऱ्या मंगेशकरांच्या ‘एमए’पाशी संपतो, आणि हृदयनाथ नुसतेच पदव्युत्तर होऊन राहतात. प्रकारांची कथा याहून सुरस. सुरुवातीच्या यादीत ऐंशी प्रकार होते. त्यांत ख्रिश्चन रॅप होतं, पोल्का होतं. पुढे विनॅम्पवाल्यांनी यादी वाढवली तेव्हा पोलंडच्या पंकलाही स्वतंत्र क्रमांक मिळाला. नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, अभंग, भारूड, यांपैकी कोणाचाही नंबर लागला नाही. त्यात शून्य क्रमांकावर ब्लूज, आणि ज्याने चिठ्ठी भरताना तो रकाना शून्यावरच सोडून दिला त्याचं गाणं आपोआप ब्लूज ठरतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मजुरांच्या दुःखातून जन्मलेल्या संगीताच्या रकान्यात पनवेलच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर आज गणपतीच्या आरत्या नांदत असतील.

पण खरी गडबड आहे ती ‘कलाकार’ या एकवचनात. मराठी कान आकाशवाणीने घडवला, आणि आकाशवाणीचा निवेदक एका गाण्यामागे तीन नावं घ्यायचा: गीत, संगीत, स्वर. ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके, आशा भोसले, हा क्रम आपल्याकडे पाढ्याच्या चालीत पाठ असतो. प्लेअरला एकच नाव हवं असतं. ते फडक्यांचं लावलं तर आशाबाई जातात, आशाबाईंचं लावलं तर गदिमांचा पत्ता लागत नाही, आणि दोन्ही लावली तर ‘आशा भोसले, सुधीर फडके’ नावाची तिसरीच व्यक्ती यादीत उगवते, जिचा पहिल्या दोघांशी सॉफ्टवेअरच्या मते काहीही संबंध नाही. फडके हे आडनाव पनवेलला तरी पाठ असायला हवं. इथलं नाट्यगृहच शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं आहे. सॉफ्टवेअरला मात्र ‘पीएच’ने लिहिलेले फडके आणि ‘एफ’ने लिहिलेले फडके हे दोन वेगळ्या घरांतले गृहस्थ. याच्या उलट प्रकार आनंदघनचा. ‘साधी माणसं’सारख्या चित्रपटांना ज्या आनंदघन यांनी संगीत दिलं त्या म्हणजे खुद्द लता मंगेशकर, हे महाराष्ट्रात शाळकरी पोर सांगेल. प्लेअर त्यांना शेजारी शेजारीसुद्धा ठेवत नाही. एक ‘ए’मध्ये, एक ‘एल’मध्ये. त्यापेक्षा 1902 सालची पद्धत बरी होती. तेव्हा कलकत्त्यात पहिल्या तबकड्या भरताना गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगून मोकळी होई. ती चिठ्ठी गाण्यातच होती. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमला ती पुसता आली नाही.

‘अल्बम’चंही तसंच. तिकडे 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि दहाबारा गाणी मिळून एक वस्तू, अशी सवय त्यांच्या कानांना लागली. आपल्याकडे गाणं यायचं ते नाटकातून, चित्रपटातून, रेडिओवरून आणि तीनसव्वातीन मिनिटांच्या तबकडीवरून, सुटं. ‘अल्बम’ हा रकाना आपल्या फाइलींत बहुधा रिकामा असतो, नाहीतर ज्या संकेतस्थळावरून एसटी स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याने गाणी उतरवून घेतली त्याचा पत्ता तिथे असतो. म्हणजे कुमार गंधर्व, दादा कोंडके आणि लग्नातली हळद एकाच अल्बमात, एकाच मुखपृष्ठासह. नाट्यपदांना तर प्लेअर दोषी ठरवतो. ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं 1911 साली. त्यातली पदं बालगंधर्वांपासून पुढच्या चार पिढ्यांनी गायली. ‘डुप्लिकेट फाइली सापडल्या, काढून टाकू का?’ असं नाव बघून विचारणारी सोय काही प्लेअरांत आणि त्यांच्या जोडीच्या साधनांत असते. तिला हो म्हणणं म्हणजे घराणीच्या घराणी एका क्लिकवर निकालात काढणं.

आणि ज्याने या आवराआवरीची परीक्षा घ्यावी ते गीतरामायण. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणी. मग आठवड्याला एक, अशी वर्षभर छप्पन्न गीतं. हा एक मराठी संग्रह असा, की जो अल्बमच्या कल्पनेत अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच त्याचे हाल पाहण्यासारखे होतात. फाइलींना क्रमांक न देता नुसती नावं असतील तर प्लेअर ती अक्षरक्रमाने लावतो. त्या क्रमाने अहल्या शापमुक्त होते, पाठोपाठ सीतेचं स्वयंवर लागतं, बरंच पुढे ‘जी’मध्ये वाल्मीकी कुश-लवांना शेवटचा उपदेश करून निरोप देतात, आणि त्यानंतर ‘आर’ येतो तेव्हा कुठे अयोध्येत राम जन्मतो. कुश-लव जे गायला सुरुवात करतात ते पहिलं गीत ‘एस’मध्ये, जवळजवळ शेवटी. क्रमांक घातले तरी सुटका नाही. एकच्या आधी शून्य लावायला विसरलात तर साध्या मजकुराच्या हिशेबात एकनंतर दहा येतो, मग अकरा, आणि दोनचा नंबर एकोणीस झाल्यावर. ‘शफल’ दाबल्यावर काय होतं ते लिहिणं मी टाळतो; घरात वडीलधारी माणसं असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चिठ्ठ्या नीट भरा ना! आयडी3 ची 1998 पासूनची आवृत्ती ऐसपैस आहे, तिच्यात देवनागरी बसते, संगीतकाराला वेगळा रकाना आहे, गीतकारालाही आहे. शिवाय म्युझिकब्रेन्झ पिकार्डसारखं फुकट साधन गाण्याचा ध्वनी ‘ऐकून’ ते ओळखतं आणि चिठ्ठी स्वतः लिहितं. हे सगळं खरं आहे. पण संगीतकाराचा रकाना असणं वेगळं आणि प्लेअरने तो दर्शनी दाखवणं वेगळं. बहुतेक ठिकाणी तो शोधून, टिचक्या मारून बाहेर काढावा लागतो. आणि ओळखणारं साधन ओळखतं ते जगात कोणी तरी आधी नोंदवून ठेवलेलं गाणं. 1980 च्या सुमाराला रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेली, मधून कुकरची शिट्टी ऐकू येणारी भूपाळी कोणी नोंदवलेली नाही. राहता राहिलं हाताने भरणं. दोन-तीन हजार गाणी, प्रत्येकी सहा रकाने. निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, असं म्हणणाऱ्याने सोसायटीचं सेक्रेटरीपद कधी भूषवलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जरा कुत्सित असतो: ही नुसती सवय आहे, म्हाताऱ्या माणसांना नवं काही नको असतं. सवय आहे, हे मला मान्य आहे. पण मग जगातल्या तरण्याबांड प्रोग्रॅमरांचं काय? लिनक्सवर अमारोक नावाचा एक लाडका प्लेअर होता. 2008 च्या डिसेंबरात त्याची दुसरी, नव्या रूपाची आवृत्ती आली आणि जुन्या रूपाच्या चाहत्यांचं पित्त खवळलं. त्यांनी काय केलं? निमूटपणे नवं शिकले? छे. जुन्या 1.4 आवृत्तीच्या वळणावर 2010 मध्ये क्लेमेंटाइन नावाचा वेगळा प्लेअरच उभा केला. तोही रेंगाळू लागला तेव्हा 2018 मध्ये त्यातून स्ट्रॉबेरी निघाला. म्हणजे एकदा पडद्याचं रूप बदललं म्हणून आणि एकदा काम रेंगाळलं म्हणून लोकांनी दोनदा वेगळा प्लेअर उभा केला, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. खांदा कॉलनीतले गृहस्थ ‘पूर्वीसारखं कर रे’ एवढंच म्हणतात, तर त्यांना हट्टी ठरवायचं, हा न्याय नव्हे. फरक एवढाच, की त्यांना सी प्लस प्लस येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. आता फाइली बाळगतोच कोण? फोनवर सगळं मिळतं, महिन्याला चहाच्या पैशांत. हे खोडून काढणं अवघड आहे आणि पूर्ण खोडायचा माझा इरादाही नाही. नवं ऐकायला स्ट्रीमिंगइतकं सोयीचं काही नाही. पण फुकटात ऐकणाऱ्याच्या रामरक्षेत मध्येच अंतर्वस्त्रांची जाहिरात येते, आणि पैसे भरणाऱ्याचं गाणं एखाद्या सकाळी करार संपला म्हणून यादीत राखाडी होऊन पडलेलं दिसतं. ‘सकाळ’ फोल्डरमधलं गाणं आजवर कधी करार संपून गेलेलं नाही. त्याशिवाय त्या डी ड्राइव्हवर जे आहे त्यातलं निम्मं कोणत्याच सेवेकडे नाही. आजीच्या आवाजातल्या ओव्या, मुंजीत बहिणीने म्हटलेली मंगलाष्टकं, गावच्या भजनी मंडळाची एकादशी, धाकट्याचं पहिलीतलं भाषण. नव्या प्लेअरमध्ये हे सगळं ‘अननोन आर्टिस्ट’ या नावाखाली गोळा होतं. त्या नावावर टिचकी मारली की आजी, बहीण, बुवा आणि धाकटा एकामागोमाग एक ऐकू येतात. मध्ये कुठे तरी भीमसेन जोशीही, कारण त्यांची चिठ्ठी मोबाइलवाल्याने भरली नव्हती.

मग लावावं काय? सरसकट लायब्ररी मांडणाऱ्यांना नमस्कार करून, फोल्डर दिलं की फोल्डर वाजवणारे जे थोडे आहेत त्यांच्याकडे वळावं. व्हीएलसी हा पॅरिसच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या प्रकल्पातून निघालेला प्लेअर काहीही वाजवतो, आणि त्याचं चिन्ह रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू असल्यामुळे पनवेलकराला परकं वाटण्याचा प्रश्नच नाही. पण त्याचा जीव व्हिडिओत. डेडबीफ हा हलका, गुणी आणि फोल्डरशी इमान राखणारा आहे. त्याचं नाव कॉम्प्युटरवाल्यांच्या सोळाच्या पटीतल्या अंकलेखनातल्या एका जुन्या गमतीवरून आलेलं आहे, हे कितीही समजावलं तरी श्रावणात, तुकारामांचे अभंग लावताना, ‘बीफ उघड’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? जुना विनॅम्पच वाइन नावाच्या सोयीतून चालवणारेही आहेत. अभंगांच्या दृष्टीने नावाची अडचण तिथेही आहेच.

माझा कौल ऑडेशसला. 1997 मध्येच विनॅम्पच्या धर्तीवर लिनक्सवर एक प्लेअर निघाला, पुढे एक्सएमएमएस नावाने तो गाजला, त्याच्या वंशातून बीप मीडिया प्लेअर आणि त्यातून 2005 मध्ये हा ऑडेशस. त्याला सेटिंगमध्ये विनॅम्पचं रूप घ्यायला सांगितलं की तीच चिमुकली खिडकी येते, विनॅम्पसाठी लोकांनी केलेले जुने साजही तिला चढतात, आणि झेड, एक्स, सी, व्ही, बी जिथल्या तिथे. भाच्याने डी ड्राइव्हला कायमचं नाव देऊन ‘गाणी’ फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला आणि प्लेलिस्टमधल्या ‘डी’च्या जागी नवा पत्ता घालून उलट्या रेघा एकदा ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सुलट्या केल्या, तर काम फत्ते. त्यात एकच खोट काढता येईल. विनॅम्पच्या जुन्या साजांतली अक्षरं चित्रं कापून बनवलेली, आणि ती फक्त रोमन. ती चालू ठेवली तर देवनागरी नावं त्या खिडकीत उमटत नाहीत. देवनागरी हवी तर सेटिंगमधली चित्राक्षरांपुढची टिक काढावी लागते. पण 2004 साली मोबाइलवाल्याने, आणि त्याच्या आधी आपण, सगळ्या गाण्यांची नावं ‘ज्ञानेश्वर’चं डीएनवाय करायचं की जीएनवाय, या वादासह रोमनमध्येच टाइप केलेली असल्यामुळे ती टिक काढायची वेळ या भागात अजून फारशी कोणावर आलेली नसावी.